कमरेचे घड्याळ

मुलांनो, महात्मा गांधींचे चित्र तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. वर्गाच्या भिंतीवर पाहिले असेल, नोटेवर पाहिले असेल, टपालाच्या तिकिटावरही पाहिले असेल. गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर खादीची चादर, हातात काठी आणि डोळ्यांवर गोल चष्मा. आता कधी त्यांचे पूर्ण छायाचित्र हाती आले, तर त्यांच्या कमरेकडे नीट पाहा. पंच्याला अडकवलेले एक लहानसे गोल घड्याळ तुम्हांला दिसेल.

तुम्हांला प्रश्न पडेल, की ज्या माणसाने कोट सोडला, बूट सोडले, स्वतःचे घरदार सोडले, त्याने घड्याळ मात्र का ठेवले? साधेपणाने राहणाऱ्या माणसाला घड्याळ कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर गांधीजींच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल. त्या वेळी त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते, आणि घड्याळ नसल्यामुळेच त्यांना एक धडा मिळाला होता.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण राजकोटला झाले. मोहनदास हा बुद्धीने साधारण आणि स्वभावाने फार लाजाळू मुलगा होता. शाळेची घंटा व्हायच्या वेळी तो शाळेत पोहोचे आणि शाळा सुटली की धावत घर गाठी. वाटेत कोणी आपल्याशी बोलेल, आपली थट्टा करील, याची त्याला भीती वाटे.

त्यांच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी वरच्या वर्गांना कसरत सक्तीची केली होती. मोहनदासचे वडील तेव्हा आजारी असत. शाळा सुटल्यावर वडिलांची सेवा करावी, असे त्याला वाटे. एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि कसरतीसाठी दुपारी चार वाजता पुन्हा जायचे होते. घरात मोहनदासजवळ घड्याळ नव्हते. आकाशात ढग दाटलेले होते, त्यामुळे उन्हावरूनही वेळ कळेना. तो शाळेत पोहोचला, तेव्हा सगळी मुले निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी गैरहजेरीचे कारण विचारले. मोहनदासने जे घडले ते सांगितले. हेडमास्तरांना ते खरे वाटले नाही. त्यांनी त्याला एक-दोन आणे दंड केला. दंडाचे पैसे थोडेच होते, पण आपल्याला खोटे ठरवले गेले, याचे मोहनदासला फार वाईट वाटले. आपण खरे बोललो हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काहीच नव्हते. तो खूप रडला. पुढे वडिलांनी चिठ्ठी लिहून कसरतीची सूट मिळवून दिली. पण त्या दिवशी मोहनदासने मनाशी एक गोष्ट ठरवली. ज्याला खरे बोलायचे आहे, त्याने सावधही राहिले पाहिजे. उशीर करणाऱ्या माणसाचे खरे कारणही लोकांना सबब वाटते.

मुलांनो, हा प्रसंग लक्षात ठेवा. या पाठाच्या शेवटी आपल्याला त्याची पुन्हा आठवण होणार आहे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले. तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. लंडनमध्ये गेल्यावर त्यांना वाटले, की आपणही इंग्रज सभ्य गृहस्थांसारखे दिसले पाहिजे. त्यांनी उंच रेशमी टोपी घेतली. भारी दुकानातून दहा पौंडांचा सूट शिवून घेतला. भावाकडून सोन्याची दुहेरी घड्याळसाखळी मागवली. नाचाच्या वर्गात नाव घातले, पण पियानोच्या तालावर पाय पडेनात. मग संगीताची जाण यावी म्हणून व्हायोलिन विकत घेतले. भाषण कसे करावे, हे शिकवणारा शिक्षक गाठला. शिवाय रोज मोठ्या आरशासमोर उभे राहून टाय बांधण्यात आणि केसांचा भांग पाडण्यात त्यांची दहा मिनिटे जाऊ लागली.

रोजची दहा मिनिटे म्हणजे फार नाहीत, असे तुम्हांला वाटेल. जरा हिशेब करून पाहा. वर्षाची ३६५० मिनिटे झाली, म्हणजे जवळजवळ ६१ तास. अडीच दिवस आणि अडीच रात्री माणूस नुसता आरशासमोर उभा आहे, असे डोळ्यांपुढे आणा!

हे खूळ सुमारे तीन महिने टिकले. मग मोहनदासला जाग आली. आपल्याला काही जन्मभर इंग्लंडमध्ये राहायचे नाही, आपण विद्यार्थी आहोत आणि भावाच्या पैशांवर शिकत आहोत, हे त्याच्या ध्यानात आले. नाचाचा आणि भाषणाचा वर्ग त्याने सोडला. व्हायोलिन मिळेल त्या किमतीला विकून टाकायला शिक्षिकेला सांगितले. पै-पैचा हिशेब तो लिहू लागला. बसचे भाडे असो की टपालाचे तिकीट, रोज रात्री झोपण्यापूर्वी हिशेब जुळलाच पाहिजे, अशी सवय त्याने लावून घेतली. ही सवय जन्मभर टिकली. पुढे लाखो रुपयांचा सार्वजनिक निधी त्यांच्या हाती आला, तेव्हा तीच उपयोगी पडली.

हिशेब लिहिता लिहिता खर्च कुठे होतो ते कळू लागले आणि वेळ कुठे जातो तेही कळू लागले. मोहनदासने कामाच्या ठिकाणापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर खोली घेतली. त्यामुळे गाडीभाडे वाचले आणि फिरणेही झाले. रोज आठ-दहा मैल चालणे होई, आणि त्यामुळे तब्येत चांगली राहिली. पुढे त्याने एकच खोली घेतली, एक शेगडी आणली आणि सकाळची न्याहारी स्वतः करायला सुरुवात केली. ओटची लापशी आणि कोको तयार व्हायला जेमतेम वीस मिनिटे लागत. दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला.

आता नीट विचार करा. खर्च कमी झाला, हे तर झालेच. पण मोहनदासला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. साधे राहिल्यामुळे त्याला अभ्यासाला भरपूर वेळ मिळू लागला. बॅरिस्टरीच्या अभ्यासाबरोबरच त्याने लंडनची मॅट्रिकची परीक्षा द्यायचे ठरवले. पहिल्या खेपेला लॅटिन विषयात तो नापास झाला. त्याने धीर सोडला नाही. पुन्हा अभ्यास केला आणि दुसऱ्या खेपेला तो पास झाला. १८९१ साली बॅरिस्टर होऊन तो मायदेशी परतला.

१८९३ साली गांधीजी एका खटल्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे हिंदी लोकांवर होणारा अन्याय पाहून ते तेथेच राहिले आणि पुढची एकवीस वर्षे त्यांनी बहुतेक तेथेच काढली. वकिली चांगली चालत होती. घरही बॅरिस्टरला शोभेल असे होते. पण धोब्याचे बिल फार येई आणि धोबी कपडे कधी वेळेवर देत नसे. त्यामुळे दोन-तीन डझन शर्ट आणि कॉलर घेऊनही ते पुरत नसत. दुसऱ्याच्या उशिरासाठी आपण जास्तीचे कपडे विकत घ्यायचे, हे गांधीजींना पटेना. त्यांनी कपडे धुण्याविषयीचे पुस्तक आणले, ते वाचले आणि स्वतः कपडे धुऊ लागले.

पहिल्या दिवशी कॉलरला खळ फार झाली. इस्त्री गरम नव्हती, शिवाय कॉलर जळेल या भीतीने त्यांनी ती नीट दाबलीही नाही. तीच कॉलर घालून ते कोर्टात गेले, तर तिच्यातून खळ गळू लागली! सोबतचे वकील हसू लागले. गांधीजीही हसले. हळूहळू त्यांचा हात बसला आणि धोब्यापेक्षा आपले काम कमी नाही, असे त्यांना वाटू लागले.

या कलेचा उपयोग एकदा मोठ्या प्रसंगी झाला. १९१२ साली पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. गांधीजी त्यांना गुरुस्थानी मानत. गोखल्यांजवळ एक उपरणे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ते त्यांना भेट दिले होते. गोखले ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीला जाताना पाहतात तो उपरण्याला चुण्या पडलेल्या. धोब्याकडे पाठवायला वेळ उरला नव्हता. गांधीजींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखवली. गोखले काळजीत पडले. गांधीजींच्या वकिलीवर त्यांचा भरवसा होता, पण इस्त्रीवर नव्हता. शेवटी ते कसेबसे कबूल झाले. गांधीजींनी इतकी छान इस्त्री करून दिली, की गोखले खूश झाले.

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की साधेपणाने वेळ वाचतो हे ठीक, पण स्वतः कपडे धुवायचे, स्वतः केस कापायचे, जात्यावर दळायचे, पायी चालायचे, तर वेळ जातोही ना? प्रश्न बरोबर आहे. ही कामे गांधीजी खरोखरच करीत आणि त्यांना वेळ लागेच. मग वकिली, वर्तमानपत्र, सभा, पत्रे, रोग्यांची सेवा यांसाठी ते वेळ कोठून आणीत?

याचे उत्तर त्यांच्या जोहान्सबर्गच्या घरात मिळते. तेथे असताना त्यांना गीता पाठ करायची होती, पण दिवसभर कामाची गर्दी असे. मग त्यांनी युक्ती केली. सकाळी दात घासायला पंधरा मिनिटे आणि आंघोळीला वीस मिनिटे लागत. दात घासताना ते उभे असत. समोरच्या भिंतीवर त्यांनी श्लोक लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दात घासता घासता ते नवे श्लोक वाचत आणि आंघोळ करताना जुने श्लोक पुन्हा म्हणत. पाहता पाहता तेरा अध्याय पाठ झाले! पाठांतरासाठी त्यांनी दिवसातला वेगळा वेळ काढलाच नाही. जो वेळ नुसता जात होता, तोच त्यांनी कामी लावला.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती तुम्हांला विशेष आवडेल, कारण ती तुमच्या उर्दूची आहे.

१८९६ साली गांधीजी काही महिन्यांसाठी हिंदुस्थानात यायला निघाले. जहाज डर्बनहून कलकत्त्याला येणार होते. प्रवास तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांचा होता. जहाजावर माणसे काय करतात? पत्ते खेळतात, गप्पा मारतात, झोपा काढतात. गांधीजी रोज तासभर एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर बुद्धिबळ खेळत. पण बाकीच्या वेळाचे काय? दक्षिण आफ्रिकेत त्यांचे कितीतरी अशील आणि सहकारी मुसलमान होते. कितीतरी मजूर तमिळ बोलणारे होते. या लोकांच्या जवळ जायचे तर त्यांची भाषा यायला हवी, असे त्यांना वाटत होते. जहाजाच्या डॉक्टरांनी त्यांना तमिळ शिकण्याचे एक पुस्तक दिले. उर्दूसाठी मात्र शिक्षक हवा होता.

गांधीजींनी डेकवरच्या उतारूंमध्ये शोध घेतला. सर्वांत कमी भाड्याचे लोक तेथे उघड्यावर प्रवास करीत. त्यांच्यातच त्यांना एक चांगला मुनशी सापडला. एका इंग्रज अधिकाऱ्यालाही उर्दू शिकायचे होते. दोघांचा वर्ग सुरू झाला. त्या अधिकाऱ्याची स्मरणशक्ती मोठी तीक्ष्ण होती. एकदा पाहिलेला शब्द तो विसरत नसे. गांधीजी मात्र अक्षरे ओळखतानाही अडखळत. त्यांनी जास्त मेहनत घेतली, तरी त्या अधिकाऱ्याला ते गाठू शकले नाहीत. तुम्ही मराठी शिकताना जोडाक्षरांपाशी अडत असाल, तर मन खट्टू करू नका. तुमच्या अलिफ-बेपाशी एक बॅरिस्टरही असाच अडला होता.

पण अडखळत शिकलेले ते उर्दू वाया गेले नाही. १९१० साली गांधीजींनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म नावाचा आश्रम काढला. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी त्यासाठी आपली ११०० एकर जमीन वापरायला दिली होती. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या लोकांची कुटुंबे तेथे राहत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशी सर्व धर्मांची माणसे होती. मुलांना शिकवायला वेगळे शिक्षक ठेवायला पैसे नव्हते. तेव्हा गांधीजी स्वतः शिक्षक झाले. मुसलमान मुलांना उर्दू लिहा-वाचायला तेच शिकवीत, आणि उर्दूच्या लिपीची त्यांची पुंजी होती ती त्या एका जहाजाच्या प्रवासातली! समुद्रावर जे तास इतरांनी झोपेत घालवले, त्या तासांतून चौदा वर्षांनंतर मुलांचा एक वर्ग चालला.

टॉलस्टॉय फार्मवर आणखी एक नियम होता. सर्वांच्या कामासाठी शहरात जायचे असेल, तर आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने जावे. स्वतःच्या हौसेसाठी जायचे असेल, तर पायी जावे आणि खाणेही घरूनच बांधून न्यावे. त्यामुळे लोक रात्री दोन वाजता उठून चालू लागत आणि सकाळी जोहान्सबर्गला पोहोचत. एकाने तर हे एकवीस मैल ४ तास १८ मिनिटांत कापले होते. या नियमामुळे पैसे वाचत, आणि शहरात उगीच चक्कर मारून येण्याची इच्छाही आपोआप कमी होई.

१९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना गांधीजींनी जहाजावरच एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'हिंद स्वराज'. १३ नोव्हेंबरला लिहायला घेतले आणि २२ नोव्हेंबरला ते पूर्ण झाले. उजवा हात दुखू लागला, की ते टाक डाव्या हातात घेत. सुमारे चाळीस पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली आहेत.

१९१५ साली गांधीजी कायमचे हिंदुस्थानात आले आणि अहमदाबादजवळ त्यांनी आश्रम स्थापन केला. आश्रमात पहाटे चार वाजता उठण्याची घंटा होई. प्रार्थना, सफाई, सूतकताई, जेवण, झोप, सगळ्याची वेळ बांधलेली असे. गांधीजी आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, मौन पाळत. त्या दिवशी भेटायला आलेल्यांशी ते बोलत नसत. अगदी गरज पडली तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहून देत. साठलेली पत्रे आणि लेख त्या दिवशी लिहून होत. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूंचाही ते लिहिण्यासाठी उपयोग करीत.

१९२२ साली सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले. तुरुंगात कैद्याला वेळच वेळ असतो. कित्येकांना तेथे दिवस खायला उठतो. गांधीजींनी तेथेही दिवसाचे वेळापत्रक आखले. काही तास वाचन, काही तास सूतकताई, ठरलेल्या वेळी प्रार्थना. जहाजावर सुरू केलेला उर्दूचा अभ्यास त्यांनी येथे पुन्हा हाती घेतला आणि उर्दू पुस्तके वाचली. १९२४ च्या फेब्रुवारीत सुटका झाली, तोपर्यंत त्यांच्या वाचलेल्या पुस्तकांची यादी खूप लांब झाली होती.

१२ मार्च १९३० रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह दांडीकडे पायी निघाले. मिठावरचा जुलमी कायदा मोडायचा होता. गांधीजींना तेव्हा साठ वर्षे पूर्ण झाली होती. चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालायचे होते. दिवसभर चालून पाय दुखत, गावोगाव सभा होत, तरी प्रत्येक यात्रेकरूला प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी या तीन गोष्टी रोज कराव्याच लागत. ठरल्याप्रमाणे ५ एप्रिलला यात्रा दांडीला पोहोचली आणि ६ एप्रिलला गांधीजींनी चिमूटभर मीठ उचलले.

१९३६ साली गांधीजी आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या झोपडीला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ नये आणि सामान आसपास मिळते तेच वापरावे, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, वर कौले, खाली चटया. बसायला गादी आणि पुढे लहानसे मेज. देशाचे मोठमोठे पुढारी या झोपडीत येऊन जमिनीवर बसत. भेटीची वेळ ठरलेली असे. घड्याळ जवळच असे. वेळ संपली की पुढच्या माणसाला बोलावले जाई. पुष्कळांशी ते फिरायला जाता जाताच बोलत. त्यामुळे फिरणेही होई आणि भेटही होई.

इतके मोजून-मापून वागणारा माणूस रुक्ष असेल, असे तुम्हांला वाटेल. पण वाचवलेल्या वेळाचे गांधीजी काय करीत, ते पाहा. १९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान आश्रमात आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा रोग्याला घरचे लोकही जवळ करीत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्यासाठी झोपडी बांधली. ते स्वतः त्यांच्या जखमा पाहत, त्यांच्या अंगाला तेल लावून मालीश करीत. व्हाइसरॉयची पत्रे येत होती, जगात महायुद्ध पेटले होते, देशभरातून माणसे भेटायला येत होती. तरी एका रोग्याच्या पायांना तेल लावायला गांधीजींकडे वेळ होता. आरशासमोरची दहा मिनिटे त्यांनी वाचवली होती, ती अशा कामासाठी उपयोगी पडत होती.

आता त्यांच्या शेवटच्या दिवसाकडे येऊ.

३० जानेवारी १९४८. गांधीजी दिल्लीला बिर्ला भवनात राहत होते. देश स्वतंत्र झाला होता, पण त्याची फाळणी झाली होती. दंगली थांबाव्यात, हिंदू आणि मुसलमानांनी पुन्हा भावाभावांसारखे राहावे, म्हणून त्यांनी याच महिन्यात उपवास केला होता. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या दिवशीही ते पहाटे उठले, प्रार्थना केली आणि कामाला बसले. दुपारी चार वाजता सरदार वल्लभभाई पटेल भेटायला आले. सरदार पटेल आणि पंडित नेहरू यांच्यात मतभेद झाले होते. दोघांनीही सरकारात एकत्र राहिले पाहिजे, अशी गांधीजींची तळमळ होती. बोलणे महत्त्वाचे होते आणि ते लांबत गेले.

सायंप्रार्थना पाच वाजता असे. बाहेर हिरवळीवर लोक जमले होते. पाच वाजून गेले. आभा आणि मनू या त्यांच्या घरच्या मुली त्यांची देखभाल करीत. त्या अस्वस्थ झाल्या. पण सरदारांशी चाललेले बोलणे मध्येच तोडावे कसे? शेवटी आभाने घड्याळ गांधीजींच्या समोर धरले. ते उठले तेव्हा पाच वाजून सुमारे दहा मिनिटे झाली होती. दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते झपझप चालू लागले. वाटेत त्यांनी मुलींना समजावले. आपल्याला उशीर आवडत नाही. औषधाची वेळ झाली, की रोग्याजवळ कितीही मोठा माणूस बसलेला असो, परिचारिकेने औषध दिलेच पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

वेळ वाचावा म्हणून ते हिरवळीवरून सरळ निघाले. प्रार्थनेच्या जागेच्या पायऱ्या चढून गेल्यावर लोकांनी हात जोडले. त्यांनीही हात जोडले. इतक्यात नथुराम गोडसे गर्दीतून पुढे आला आणि त्याने त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या. तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटे झाली होती.

मुलांनो, आता राजकोटच्या त्या मुलाची आठवण करा. त्याला ढगांमुळे उशीर झाला होता. या वृद्ध माणसाला देशाच्या काळजीमुळे उशीर झाला. दोन्ही वेळा कारण खरे होते. दुसऱ्या वेळी तर ते फार मोठे होते, आणि कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण आपल्यासाठी शेकडो लोक ताटकळत आहेत, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच बोचली. आपला वेळ आपण वाया घालवला तर नुकसान आपले होते, पण दुसऱ्याला ताटकळत ठेवले तर आपण त्याचा वेळ घेतो. त्याने तो आपल्याला दिलेला नसतो.

२००९ साली न्यूयॉर्कमध्ये गांधीजींच्या काही वस्तूंचा लिलाव झाला. एक चष्मा, चपलांचा जोड, ताट-वाटी आणि एक खिशातले घड्याळ. एवढ्याशा वस्तूंना अठरा लाख डॉलर किंमत आली. ज्यांनी त्या वापरल्या, त्यांना हा आकडा ऐकून हसू आले असते. वस्तू कमी असाव्यात, साध्या असाव्यात, म्हणजे त्यांच्यामागे आपला दिवस खर्च होत नाही, एवढीच त्यांची अपेक्षा होती. घड्याळ त्यांनी ठेवले, कारण उरलेला दिवस लोकांच्या कामी लावायचा होता आणि त्याचा हिशेब रोज जुळवायचा होता.

तुमच्या घरात आज भिंतीवर घड्याळ आहे, हातात आहे, मोबाइलमध्येही आहे. म्हणून आज रात्री झोपण्यापूर्वी एक लहानसे काम करा. वहीचे एक पान घ्या. दिवसभरातली कोणती दहा मिनिटे नुसती गेली, ते त्यावर लिहा. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. आणि उद्या ती दहा मिनिटे कोणाला द्यायची, तेही त्याच्याखाली लिहून ठेवा.